माझ्या गुडघ्यांबद्दल

मुलुंड पूर्व,
शनिवार, १४ मार्च २०२६

प्रिय वनमालाताई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही बरे आहोत. तुझी शुगर कशी आहे?

पहिल्या प्रभुभोजनाआधी दृढीकरणाच्या वर्गाला जाताना तू मला म्हणाली होतीस, "पोटात खोटं ठेवून प्याल्याला तोंड लावलंस ना जये, तर द्राक्षारस कारल्यासारखा लागतो." मी चौदाची होते. आता शेहेचाळीस झाले, तरी ती चव बघायची छाती होत नाही.

म्हणून नाताळापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. लोक विचारायला लागले तेव्हा सांगितलं, गुडघे दुखतात, वेदीपुढे टेकवत नाहीत.

आपली मंडळी तुला ठाऊक आहे. पुढच्याच रविवारी शेवंतीमावशींनी निरगुडीचं तेल आणलं. साळवीकाकांनी काकूंची नी-कॅप दिली. काकू जाऊन तीन वर्षं झाली. धुऊन इस्त्री केलेली होती. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत माझं नाव डायलिसिसवाल्या मकासरेबाईंच्याही आधी! मी ओशाळले, तर त्याच म्हणाल्या, "असू दे गं, तुला अजून खूप चालायचंय."

आणि गेल्या रविवारी तर वाटच लागली. पाळकसाहेब प्याला घेऊन वेदीवरून उतरले ते थेट माझ्या बाकापाशी. "जयाबाई, उठू नका, बसूनच घ्या." सगळं चर्च माना वळवून बघतंय. ताई, मी उठले आणि पळाले. बाकांमधून, दारातून, पायऱ्या दोन-दोन उतरत गेटपर्यंत.

मागून शेवंतीमावशी ओरडल्या, "अगं बाई, तेल लागू पडलं!"

साळवीकाका म्हणाले, "आमेन."

आता एकोणतीसला, झावळ्यांच्या रविवारी, मी साक्ष द्यावी असं ठरलंय. पाच मिनिटं, बरे झालेल्या गुडघ्यांविषयी. मावशींच्या तेलाला आत्ताच चार गिऱ्हाइकं आहेत.

उठून खोटी साक्ष द्यायची, की खरं बोलायचं? खरं बोलायचं तर आधी तुझ्याशी.

नाताळच्या कॉयरमधून तुझं नाव पाळकसाहेबांनी कापलं, असं मी तुला सांगितलं होतं. त्यांनी यादी पाहिलीसुद्धा नव्हती. मी कापलं. तुझं एकटीने गायचं कडवं मला हवं होतं. मिळालं. वरच्या सुराला आवाज असा फाटला की अर्ध्या चर्चला तुझी आठवण आली.

तू रुसून घाटकोपरच्या चर्चला जायला लागलीस. मला वाटलं, दोन महिन्यांत परत येशील. परवा भाजीबाजारात पाळकसाहेबांनी तुला सलाम केला आणि तू तोंड फिरवून रस्ता ओलांडलास. मी मागेच होते. हातात मेथीची जुडी धरून ते मला विचारत राहिले, "जयाबाई, माझं काही चुकलंय का?" मी म्हटलं, "ताईला लांबचं दिसत नाही हो."

एकोणतीस तारखेला मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. मग तेल, नी-कॅप, कॉयर, जे काय परत करायचं ते करीन.

त्या दिवशी येशील? शांतीच्या अभिवादनाला माझ्याकडे वळू नकोस, हातही देऊ नकोस. फक्त पाळकसाहेबांशी हात मिळव. तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी विचारते, ये ना.

बहीण म्हणवून घ्यायची परवानगी न मागता,
तुझी
जया