आरडीएफचा फुल फॉर्म

३ नोव्हेंबर, सोमवार
नगर परिषदेत घनकचऱ्याचा चार्ज आजपासून माझ्याकडे. पंधरा वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत काढली, तिथं मेलेला माणूस उलट प्रश्न विचारत नाही. येत्या बारा तारखेला बुलढाण्याहून तपासणी पथक येणार. मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या, सगळे शॉर्टफॉर्म पाठ पाहिजेत. मी म्हणालो, नो प्रॉब्लेम. हात गार पडले होते, पण ते एसीमुळे. एसी बंद होता बहुतेक.

४ नोव्हेंबर, मंगळवार
संकल्प: रोज पाच शब्द. एसडब्ल्यूएम, घनकचरा व्यवस्थापन. एमआरएफ, सुका कचरा निवडायची शेड. दोन झाले. बाकीचे उद्या. जेवण गेलं नाही. जयमालाने विचारलं, तब्येत बरी नाही का? बायकोला काय सांगणार! मंगळवारचा उपास म्हणालो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेडवर गेलो. तिथं तानुबाई अकरा वर्षं कचरा निवडतात. हाताखाली सून पुष्पांजली. दारातच प्लास्टिक-चिंध्यांचे दाबलेले गठ्ठे, वर पाटी: आरडीएफ. हा शब्द अजून पाठ व्हायचा होता. विचारायची लाज वाटली, अंदाज केला: रिसायकल ड्राय फायनल. म्हणजे तयार माल. पथकाला छान दिसावा म्हणून आत भिंतीशी, मीटरच्या बोर्डाखाली रचून घेतला. तानुबाई म्हणाल्या, "सायेब, तिथं काऊन ठेवता? त्या बोर्डातून ठिणग्या पडतेत." टेक्निकल बाबी त्यांना कुठून कळणार?

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४
शेड पेटली.
मी दारात होतो. आधी चर्रर्र आवाज, मग काळा धूर, मग गठ्ठे एकदम धडधडले. अग्निशमनच्या गाडीला रस्ता दाखवायला मी फाट्यापर्यंत गेलो. धावत. गाडी दुसऱ्या रस्त्याने आली.
पुष्पांजली आत होती. पळताना मला ते माहीत होतं.
तानुबाईंनी ओलं पोतं डोक्यावर घेतलं, आत गेल्या आणि तिला ओढून आणलं. तिला काही झालं नाही. तानुबाईंचा उजवा हात भाजला.
गाडीवरच्या माणसाने विचारलं, जळण बोर्डाखाली कोणी रचलं? मी म्हणालो, जळण कुठलं? तो म्हणाला, आरडीएफ म्हणजे जळणच, रिफ्यूज डिराइव्ड फ्युएल, सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी घालतात.
वहीत तिसरा शब्द लिहून घेतला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्यात गेलो. माफी मागायची, हे पक्कं ठरवून गेलो होतो. तानुबाईंच्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "सायेब, तुमाले त लागलं नाही ना?"
नाही म्हणालो. केळी ठेवली आणि निघालो. उद्या पथकासमोर सगळं सांगून टाकणार. शंभर टक्के.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पथक आलं. बँडेजसकट तानुबाईही आल्या, नको म्हटलं तरी. पथकाच्या साहेबांनी आगीचं कारण विचारलं. 'मी रचलं' हे शब्द जिभेपर्यंत आले, बाहेर पडलं ते 'बोर्ड जुना होता'. तानुबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मग ओल्या कचऱ्याच्या ढिगापाशी साहेब थांबले. लीचेटचं काय करता?
मी म्हणालो, मशीन जुनं झालंय सर, मार्चपर्यंत नवं घेतोय.
साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. शेवटी तानुबाई हळूच म्हणाल्या, "सायेब, मांगं सरका. कचऱ्यातून गळते ना, ते काळं पाणी म्हंजे लीचेट. तुमी त्यातच उभे हा."