धारच्या फलाटामागचं गाव

देवास,
कार्तिक वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप उमाशंकरकाकांच्या चरणी वासंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या घरात ‘विनंती विशेष’ लिहिल्याशिवाय पत्र पाकिटात जात नसे, म्हणून मीही लिहिते: विनंती विशेष. या खेपेला ती खरोखरच विशेष आहे, पण ती मांडायला धीर लागेल, आणि मला धीर नेहमी पत्र संपल्यावर येतो.

डोळा कसा आहे? हिरव्या झाकणाचे थेंब चार वेळा आणि पांढऱ्या झाकणाचे दोन वेळा, हे मयुरेश उलटं तर करत नाही ना? पुण्याची हवा मानवली का? (पहिल्याच सकाळी तुम्ही ‘इथले पोहे सुतकात असल्यासारखे दिसतात’ म्हणालात, असं त्यानं सांगितलं. धारहून शेव पाठवू का?) अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. हे पत्र मयुरेशकडून वाचून घेऊ नका. तुमचा मुलगा असला तरी शिकला हिंदी शाळेत. मराठी वाचताना अडला की मधला मजकूर गाळून पुढे जातो, आणि लाज वाटण्यासारखं जे आहे ते मी नेमकं मधेच लिहिलं आहे. पत्र लिहिण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. पाडव्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही. मयुरेश म्हणतो, ‘ताई, बाबा अंघोळीला गेलेत.’ वीस दिवस कुणी अंघोळ करत नाही, काका.

तुम्ही ऑपरेशनला जाताना धारच्या घराची किल्ली मला दिलीत आणि दोनच गोष्टी सांगितल्यात: तुळशीला पाणी घालायचं, आणि दिवाळीत घर अंधारात ठेवायचं नाही. मागच्या खोलीबद्दल काही बोलला नाहीत. ‘हात लावू नकोस’ असंही म्हणाला नाहीत. (या वाक्याच्या आधारावर मी वीस दिवस उभी राहायचा प्रयत्न करते आहे. फार वेळ उभं राहता येत नाही.) वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात मी शाळेला सुट्टी लागताच चिऊला घेऊन धारला आले, आणि मागच्या खोलीचं दार चिऊनं उघडलं. तुमची आगगाडी तिनं लहानपणी पाहिली होती, आता तेराव्या वर्षी नीट पाहिली. प्लायवूडचे दोन तक्ते जोडलेले, त्यावर रुळांचं लांबट वळण, निळं इंजिन, चार डबे आणि मधोमध पिवळी पाटी, ‘धार’. फलाट आहे, बाक आहे, घड्याळ आहे, तिकीट खिडकीसुद्धा आहे. फलाटामागे मात्र काहीच नाही, नुसता हिरवा रंगवलेला तक्ता. चिऊ त्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘मम्मी, लोग उतरकर जाएँगे कहाँ?’

तिचं बरोबर होतं. खऱ्या धारला गाव आहे, गाडी नाही; तुमच्या धारला गाडी आहे, गाव नाही. दोन अर्धी धारं एकत्र आणावीत आणि तुम्ही परत आल्यावर दाखवावीत, एवढाच माझा विचार होता. निदान तेव्हा मी स्वतःला एवढाच सांगितला.

आता पद्धतीबद्दल. तुम्ही बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नक्शानवीस. पेन्सिलीला टोक केल्याशिवाय तुम्ही भाजीची यादीसुद्धा लिहिली नाहीत. मी दिवाळीत किल्ला करत वाढलेली. आपल्या मराठी घरांतल्या मुलींना काही उभारायचं म्हटलं की एकच रीत ठाऊक: माती आणायची, गोणपाट चिखलात बुडवून डोंगर घालायचा, वर हाळीव पेरायचा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. मी तेच केलं. आठ दिवस, दोन्ही वेळा, तांब्यातून हातानं, अगदी मायेनं शिंपडलं. वीज खेळणाऱ्या रुळांवर पाणी शिंपडू नये हे कुणालाही कळेल. मी शाळेत विज्ञान शिकवते, काका. आठवीला. विजेचा धडा मी दिवाळीच्या सुट्टीआधीच संपवला होता.

इमारती मिठाईच्या खोक्यांच्या केल्या. सोनपापडीचं खोकं उभं केलं की तीन मजली बँक होते, आडवं केलं की बसस्टँड. टूथपेस्टच्या खोक्यांची वसाहत, काडेपेट्यांची दुकानं, तुमच्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांचं सरकारी रुग्णालय. चिऊनं एक कोचिंग क्लास काढला आणि त्याच्यावर इंजिनाहून मोठी पाटी लावली. (हे मात्र खऱ्या गावाला धरून झालं.) शहर म्हटलं की माणसं हवीत, म्हणून बाजारात गेलो. तिथे दिवाळीत एकाच प्रकारची माणसं मिळतात. चार बोटं उंचीचे मातीचे मावळे आणून फलाटावर उभे केले, तर ते डब्यांच्या छतावरून पलीकडचं बघू लागले. एक भालदार तिकीट खिडकीत मावेना, त्याला आम्ही हमाल केलं. तेव्हाच मला माप नावाच्या गोष्टीची शंका आली होती, पण चिऊ इतकी हसत होती, आणि मराठीत हसत होती (‘आई, तो बघ, तो गाडीलाच उचलून नेईल!’), की मी शंका बाजूला ठेवली. मम्मीची आई झाले होते, काका. मापाकडे कोण बघतं?

मग शेजारचे भैयासाहेब शेव घेऊन आले. आले ते दोन मिनिटांसाठी, आणि आल्या आल्या चष्मा लावून विचारतात, ‘वासंतीबाई, हमारा मकान कुठंय?’ मी पाण्याच्या टाकीमागचं एक खोकं दाखवलं. ते इतके दुखावले! ‘अहो, आमच्या आजोबांना दरबारात तिसरी खुर्ची होती. आम्हाला टाकीमागे?’ शेवटी काजूकतलीचं चंदेरी खोकं त्यांना दिलं, दोन मजले आणि गच्ची. ही बातमी बाहेर गेली आणि गल्ली तुमच्या घरात लोटली. एकाला दुकान स्टेशनच्या समोरच हवं, ‘भिया, कोने का देना, कोने का चलता है.’ समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘दीदी, मेरेको स्टेशन से दूर रखना, गाडी का बहुत हल्ला होता है.’ या बाईंनी उभ्या जन्मात आपल्या घरातून गाडीची शिटी ऐकलेली नाही. तरी मी त्यांना तलावापलीकडे जागा दिली. त्यांनी पाहणी केली, हवा चांगली आहे म्हणाल्या, आणि समाधानानं घरी गेल्या. मला वाटतं, त्या आठवड्यात धारमध्ये सगळ्यांना गाडी आल्यासारखंच वाटत होतं. मला तर नक्कीच वाटत होतं.

पाडव्याला सगळे जमले. हाळीव टरारून वर आला होता. पाटीची वरची दोन टोकं दिसत होती, बाकी स्टेशन रानात गेलं होतं. तुम्हाला दाखवायचं म्हणून चिऊनं मयुरेशला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरला. मी बटण फिरवलं. इंजिन फलाटावरून सुटलं, हाळिवात शिरलं आणि पलीकडून बाहेर आलंच नाही. प्लायवूड पाणी पिऊन फुगला होता, रूळ मधेच उचलले गेले होते. भैयासाहेब म्हणाले, ‘धक्का मारो, सरकारी गाडी है,’ आणि त्यांनी बोटानं ढकललं. निळी ठिणगी उडाली. मग वास आला. जमलेल्यांपैकी दोघांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

मी फोनकडे वळले, तेव्हा तुमचा चेहरा अगदी जवळ आला होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा माझ्याकडे. मला वाटलं ओरडाल. तुम्ही हळूच विचारलंत, ‘घाई कुणाला झाली होती, वासंती?’ आणि फोन मयुरेशच्या हातात दिलात.

खरं सांगते, मला तेव्हा तुमचा प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं, तुम्ही इंजिनाबद्दल बोलता आहात. दुसऱ्या दिवशी गाव उतरवायला घेतलं. माती खरवडली, रूळ पुसले, तक्ते उन्हात ठेवायचे म्हणून कपाट सरकवलं, आणि त्यामागे ट्रेसिंग कागदाची गुंडाळी सापडली. तुम्ही सगळं गाव काढून ठेवलं आहे. त्रिमूर्ती चौराहा, तलाव, किल्ल्याची भिंत, आपली गल्ली, घरन् घर, प्रत्येकाची लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये. भैयासाहेबांच्या घराला खरोखरच दोन मजले आणि गच्ची. (त्यांना सांगितलं नाही. आधीच फार चढलेत.) तारीख मालनकाकू गेल्या त्या वर्षीची. कोपऱ्यात तुमच्या सरळ, खात्यातल्या अक्षरात: ‘खरी गाडी धारला आल्यावर बांधणे. तत्पूर्वी नाही.’ आणि त्याखाली: ‘फलाटावर उभे करावयाचे: मी, मालन, मयुरेश, वासंती (वय ८, निळा फ्रॉक).’

चिऊनं एकेक अक्षर जोडत ते मोठ्यानं वाचलं. तिनं विचारलं, ‘ये तुम हो?’ मी हो म्हणाले. मग मी तिला बाहेर पाठवलं.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही रविवारी धारहून बस बदलत देवासला यायचात, आणि मला स्टेशनवर न्यायचात. कुठे जायचं नसायचं. दोन गाड्या बघायच्या, शेंगदाणे खायचे, परत यायचं. माझी आई म्हणायची, ‘भावोजी, इतका प्रवास करून प्रवास बघायला येता?’ मी एकदा विचारलं होतं, धारला गाडी का नाही. तुम्ही म्हणाला होतात, ‘नाही कुठे? यायची आहे.’ त्यानंतर तुम्ही किती अर्जांवर सह्या केल्यात, किती पुढाऱ्यांना हार घातलेत, ते मी पाहिलं आहे. आम्ही सगळे त्यावर हसायचो. मीही. आता गावाबाहेर रुळांसाठी मातीचा भराव पडला आहे, भैयासाहेब रोज सकाळी फिरायला जाऊन तो तिथेच आहे ना हे बघून येतात, आणि मला अजून आमचं ते हसणं ऐकू येतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घाई मला झाली होती, काका. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत हृदयाचंही काही निघालं, डॉक्टरांनी ते तुम्हाला तोंडावर सांगितलं आणि तुम्ही त्यांना ‘चालेल’ म्हणालात, हे मयुरेशनं मला फोनवर आवाज बारीक करून सांगितलं. त्या दिवशी मी मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: तो भराव, आणि तुमचं वय. मला वाटलं, तुम्हाला निदान एवढं तरी दिसू दे. हे प्रेमच होतं, पण त्यात मी तुमच्या वतीनं हार मानून मोकळी झाले होते. तुम्ही वाट बघत होता, आणि मी सोनपापडीची खोकी घेऊन तुम्हाला सांगायला आले की आता वाट बघू नका. फोनवर एका डोळ्यानं तुम्ही हेच पाहिलंत ना? इंजिन जळलेलं तुम्ही मला माफ केलं असतं, हे मला माहीत आहे. हे दुसरं कसं माफ करायचं, ते मलाच सुचत नाही, तर तुम्हाला कुठून सुचेल.

गाव पूर्ण उतरवलं आहे. तक्ते वाळले, पण एक वाकडा राहिला. इंजिन देवासला पंख्याच्या जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं ते तळहातावर उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, ‘दीदी, इसका पंखा कहाँ है?’ सध्या ते माझ्या टेबलावर आहे. गुंडाळी होती तशी कपाटामागे ठेवली आहे. मयुरेशला आणि सूनबाईंना आशीर्वाद. थेंब वेळेवर घाला.

तुमची
वासंती

ता. क. गाव पूर्ण उतरवलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. भैयासाहेब त्यांचं काजूकतलीचं घर परत देत नाहीत. दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवलं आहे आणि येणाऱ्याला ‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ असं सांगतात.

ता. क. दुसरा. मयुरेशनं काल सांगितलं, तुम्ही त्याला म्हणालात, आता पुण्यालाच राहतो, धारचे रूळबीळ कुणा मुलाला देऊन टाक. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. देऊ नका. तुम्ही घरी या. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, तक्ता हिरवा तर हिरवा राहू दे, रिकामा राहू दे, गाडी येईपर्यंत राहू दे. तुम्ही तिथे बसून वाट बघा. मला बोलावलंत तर मीही शेजारी बसेन. माझ्याकडून एवढंच होईल, पण ते मी नीट करीन.

ता. क. तिसरा. उत्तराची वाट न बघता मी पुण्याला येते आहे (घाईचा स्वभाव एका पत्रात जात नाही). पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारची आपली परतीची दोन तिकिटं काढली आहेत, पुण्याहून इंदूरपर्यंत. तिथून धारला मोटारीनं जावं लागेल. त्या बाबतीत तुमचं आणि सरकारचं जे काय आहे त्यात मी यापुढे पडणार नाही. तुमच्या नावावर वरचा बर्थ आहे, माझ्या नावावर खालचा. ज्येष्ठांना खालचा मागता येतो हे मला माहीत होतं. मी मागितला नाही. खालचा मी तुम्हाला देईन, काका, पण तो तुम्हाला माझ्याकडून, माझं नाव घेऊन, तोंडानं मागावा लागेल.