पहिल्या जागेवरची चांदणी

हौकिराता,
रविवार, ३ मार्च २०२४

प्रिय हिल्का,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तर मार्चात देतोय, माझ्या मानानं हे लवकरच म्हणायचं. सरोवर अजून गोठलेलं आहे. काल बर्फाला भोक पाडून बसलो, चार तासांत दोन मासे लागले, त्यातला एक मांजरानं पळवला. सौनाच्या छपरावरचा बर्फ मीच उतरवला. शेजारी खाली उभा राहून सूचना करत होता. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, हा उंटाच्या पायाशी उभा राहून हाकत होता.

गुडघा बरा आहे. साखर ताब्यात आहे. मागच्या आठवड्यात तुझ्या किर्सीचा फोन आला होता. तू ठणठणीत आहेस म्हणाली, फक्त बाहेर पडताना स्टोव्ह बंद केला की नाही हे बघायला तीनदा परत फिरतेस. "तार्मोमामा, एकदा तर आई बसमधून उतरून घरी आली!" असं सांगून ती हसली. मला हसू आलं नाही.

या महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या नोंदींचा माझा जुना प्रोग्रामही त्याच दिवशी बंद होणार. सत्तावीस वर्षं चालला. नवीन प्रोग्राम सातु नावाच्या बाईनं केलाय. चाळिशीची आहे, कामाला चोख, तोंडाची फटकळ. जुन्यातलं काही सुटू नये म्हणून ती माझी एकेक ओळ वाचत असते. आमच्याकडे कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं, हे शेजारी लिहून ठेवायची पद्धत आहे.

मंगळवारी ती कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"तार्मो, सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात तू एक बदल केलायस. एकच चिन्ह वाढवलंयस. आणि कारणाच्या जागी लिहिलंयस, 'किरकोळ टापटीप'. कसली रे टापटीप?"

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो.

"जुनी काय! त्याच्या आधी हे असंच चालू होतं? अरे, यानं माणूस मेला असता!"

मी कप उचलून धुवायला गेलो. कॉफी अजून अर्धी होती, आणि कप तिचा होता.

आता ती ओळ काय होती ते सांगतो. तुला कंटाळा येईल, पण वाच.

तेव्हाचा नियम तुला आठवत असेल. रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टर हवा असेल तर फोन करायचा नाही, नोंदीत कुठेही एक चांदणी (*) टाकायची. माझा प्रोग्राम प्रत्येक नोंदीत चांदणी शोधायचा आणि सापडली की ते नाव डॉक्टरांच्या यादीत घालायचा. मग नाव यादीत गेलं असो वा नसो, चांदणी काढून टाकून बाकीचा मजकूर जपून ठेवायचा आणि शेजारी लिहायचा: तातडीचं, हो किंवा नाही.

शोधण्याचं काम असं चालतं. अमुक खूण या मजकुरात कितव्या जागी आहे, असं यंत्राला विचारायचं. यंत्र आकडा देतं. पण आम्ही लोक शून्यापासून मोजतो. पहिलं अक्षर शून्यावर, दुसरं एकवर, तिसरं दोनवर. खूण कुठेच नसेल तर उत्तर येतं उणे एक. मी लिहिलं होतं: आकडा शून्याहून मोठा असेल तर नाव यादीत घाल. म्हणजे खूण मजकुराच्या अगदी सुरुवातीला असली, तर यंत्र इमानदारीत 'शून्य' सांगायचं आणि माझी ओळ ते 'नाही' समजायची. आमच्या धंद्यात ही चूक पहिल्या वर्षाला असलेली पोरं करतात. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

तुझ्याबरोबरच्या बाकीच्या परिचारिका नोंद लिहून झाल्यावर शेवटी चांदणी टाकायच्या. तू एकटी आधी टाकायचीस. प्रोग्राम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यात तुला ती टाकायची वेळ एकदाच आली. आर्मास तुओविनेन, वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या पायाचं बोट काळं पडतंय, ताप नाही, आजच डॉक्टर हवा.

डॉक्टर गेले नाहीत. चार दिवसांनी पाय कापला, आणि त्या आठवड्यात आर्मास वारले.

चौकशीत तुझी नोंद वाचून दाखवली. 'आजच डॉक्टर हवा' हे शब्द होते, चांदणी नव्हती, शेजारी 'नाही' होतं. तू म्हणालीस, "मी टाकली होती. देवाशप्पथ टाकली होती." चौकशी करणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "यंत्राला जे दिलं जातं तेच ते दाखवतं." तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, हिल्का. तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. त्यापुढचं काहीच माझ्या बाजूचं नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मी दुसरंच काहीतरी तपासत असताना सुरुवातीला चांदणी टाकून पाहिली. नाव यादीत आलं नाही. मी दोनदा करून पाहिलं. मग ते एक चिन्ह वाढवलं, 'शून्याहून मोठा' चं 'शून्य किंवा त्याहून मोठा' झालं. कारणाच्या जागी काय लिहिलं ते वर आलंच आहे. दहा वाजता मी नेहमीसारखा कॉफीला गेलो आणि रवाळ केक खाल्ला.

तू त्याच्या दोनच दिवस आधी राजीनामा दिला होतास. मी स्वतःला सांगितलं, ती तर जातेच आहे. मग सांगितलं, तिचं बेकरीतल्या नव्या नोकरीत बरं चाललंय. मग वर्षं गेली आणि काही सांगायची गरजच पडली नाही.

आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये आपण दोघं भांडी आवरत होतो. तू अचानक म्हणालीस, "तार्मो, आता मला वाटतं, मीच विसरले असेन. दिसते मला ती चांदणी, पण मनानंच नंतर रंगवलेली असेल." मी म्हणालो, "सोड आता ते." तू मान हलवलीस आणि ताटल्या पुसत राहिलीस. चौकशीपेक्षा तो दिवस मला जास्त छळतो. चौकशीत मला माहीत नव्हतं. तिथे मला सगळं माहीत होतं, तू हातभर अंतरावर उभी होतीस, आणि मी तुला स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवू दिला. मला त्याची लाज वाटते. इतकी वाटते की हे वाक्य चौथ्यांदा लिहितोय.

गप्प राहिलो असतो तर एकतीस तारखेला सगळं पुसलं गेलं असतं. ते शोधायला कोणी येणारच नव्हतं. म्हणून बुधवारी सातुला ते पान छापून मागितलं. तिनं छापलं, तारीख पाहिली, तेव्हाच्या चौकशीबद्दल तिनं ऐकलेलं असावं, मग माझ्याकडे पाहिलं. "ठपका बसलेली ती परिचारिका कोण होती?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बहीण." त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं.

ते पान सोबत आहे. जुनी ओळ, नवी ओळ, तारीख, माझं नाव. त्याची एक प्रत आणि माझा सहीचा जबाब उद्या सकाळी नगरपालिकेत देतोय. तुझ्यावर ठेवलेला ठपका पुसला जावा असं त्यात मागितलंय. आर्मासच्या मुलीकडेही जाणार आहे. ती अजून त्याच घरात राहते. तिला पत्र लिहून भागणार नाही, दारात जाऊन उभं राहावं लागेल.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे, आणि घाईचा नाही. किर्सीला हे पत्र दाखव. तिला तुझ्यावर हसायची सवय लागलीय, ती जायला हवी.

आणि तू एक कर. आता पुढच्या वेळी घरातून निघालीस की कुलूप लाव आणि सरळ चालू लाग. स्टोव्ह बंद असतो, हिल्का. चांदणी तू टाकली होतीस. तू काहीही विसरली नव्हतीस.

सगळं माहीत असून गप्प बसलेला,
तुझा भाऊ
तार्मो