पिवळा चिमटा

१२ नोव्हें. २००६, रवि.
चिमटे रंगवून झाले. कपडे वाळत घालायचे साधे लाकडी चिमटे, सहा रंगांचे. रिमोटची लहर आतला क्रिस्टल ठरवतो; एका लहरीला एक रंग. फळीवर सहा खिळे, प्रत्येकाखाली रंगाचं नाव. फळी जिनिंगच्या ऑफिसच्या ओसरीत टांगली. वर मोठ्या अक्षरात नियम लिहिला: आपल्या क्रिस्टलच्या रंगाचा चिमटा एरिअलला लावल्याशिवाय कोणीही रिमोट चालू करू नये. चिमटा फळीवर नसेल तर तो रंग हवेत आहे असं समजावं.
विकीभय्यांनी वाचलं. जिनिंग त्यांच्या वडिलांची, रिमोटवर पळणाऱ्या इंजिनाच्या छोट्या गाड्या त्यांच्या, मीही त्यांच्याच पगारावर. म्हणाले, "अक्षर मस्त आहे बे तुझं, शब्दकोश. मंग दहावीत काहून लटकला?" अमरावतीहून आलेले डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र हसले.
मी बारावीत नापास झालो, दहावीत नाही. फळी सरळ करत राहिलो.
(पुढे विकीभय्या = वि.)

१४ नोव्हें., मंगळ.
जुन्या शहरात रफीकभाईंच्या लेथवर. वि. फेकून देतात ते सुटे भाग मी गोळा करतो. वाकलेली चासी, गळके शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दात गेलेला गिअर. वर्षभर जमवतोय, आता गाडी होत आली. जे मिळत नाही ते रफीकभाई कातून देतात. आज क्लचबेल दिली. कॅलिपर माझ्याच हातात. "तू मोज. माझ्या डोळ्यापेक्षा तुझ्यावर भरवसा आहे माझा."
वहीच्या मागच्या पानांवर मी शब्द उतरवतो. रफीकभाई उर्दू शाळेत शिकले, माझी लिपी त्यांना येत नाही, म्हणून वाचून दाखवावं लागतं. ऐकताना मशीन बंद करतात. आजचे शब्द:
क्लचबेल — इंजिनाने वेग घेतला की आतले तुकडे फाकून हिला धरतात, मग गाडी निघते. तोवर इंजिन जागच्या जागी ओरडतं.
डिफ — वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारा डबा.
"म्हंजे आतल्यानं कमी पळायचं," रफीकभाई म्हणाले. "आपल्यासारखं."
अडचण एकच. मला मिळालेला रिमोट वि.चा जुना, क्रिस्टल पिवळा. त्यांची आताची गाडी, ती बग्गी, तिचाही पिवळाच. चिमटा एक.

१९ नोव्हें., रवि.
जिनिंग दोन हंगाम बंद. कापसाच्या गंज्या लागायच्या ते सिमेंटचं आवार मोकळं आहे, तिथेच ट्रॅक. वि. म्हणतात, पीक बुडालं म्हणून आपल्याला लांब सरळ पट्टा मिळाला.
दुपारी फाटकात बैलगाडी आली. बार्शीटाकळीकडचा म्हातारा, गाडीत कापूस. "मशीनचा आवाज आला, म्हटलं जिनिंग सुरू झाली."
"झाली ना, बाबाजी! या की आत," वि. म्हणाले आणि बग्गी बैलांच्या पायांतून काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा बैल उधळले, गाडी कलंडली, कापूस तेलाच्या डागांवर. म्हातारा खाली बसून काळी बोंडं वेगळी, पांढरी वेगळी करत राहिला. सगळे हसले. मीही हसलो. लिहून ठेवतो, कारण हसलो.
नंतर डॉक्टरांच्या मित्राने चिमटा न घेताच लाल रिमोट चालू केला. डॉक्टरांची लाल गाडी स्वतःहून वळून भिंतीवर गेली.
ग्लिच — एकाच रंगाचे दोन रिमोट चालू झाले की गाडी कोणाचंच ऐकत नाही. चाकं कुठेही वळतात, वेग पूर्ण लागू शकतो. दोष गाडीत नसतो. एक रिमोट बंद केला की गाडी पुन्हा शहाणी. मागे खूण राहत नाही.
फेलसेफ — सिग्नल तुटला की आपोआप ब्रेक लावणारी डबी. वि.नी आपली काढून टाकली आहे. "भित्र्यायचं काम ते."

२१ नोव्हें., मंगळ.
रविवारचं रफीकभाईंना वाचून दाखवलं. ग्लिच दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "भूत लागल्यासारखंच की."

२६ नोव्हें., रवि.
मार्शल — वळणावर उभा राहून उलटलेल्या गाड्या सरळ करणारा. गाडीसोबत आलेल्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की एक रेस चालवली की पुढच्या रेसला मार्शल व्हायचं, मग तो कोणीही असो. इथे मार्शल म्हणजे मी, माणूस कमी पडला तर रफीकभाई. वि. बग्गी मुद्दाम माझ्या पायांजवळून काढतात. "नाच, शब्दकोश, नाच!" आज डाव्या नडगीवर लागलं. हळद लावली.
संपल्यावर धीर करून विचारलं, "भय्या, मले दुसऱ्या रंगाचा क्रिस्टल भेटला तर..."
"कायले? पुढच्या रविवारी पिवळा चिमटा तुझा. एक रेस. मार्शल मी होतो, बस?"
डॉक्टरांसमोर म्हणाले. शब्द फिरवणार नाहीत.

३० नोव्हें., गुरु.
गाडी पूर्ण. चाकांत अर्धा मिलिमीटर फरक होता, काढला. झोप लागत नाही. रफीकभाई म्हणतात, शेरवानी शिवू का तुले.

३ डिसें., रवि.
रफीकभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वि.नी सगळ्यांसमोर पिवळा चिमटा माझ्या एरिअलला लावला, टाळ्या वाजवल्या. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. सरावाची एक फेरी मी मारली. एक पूर्ण फेरी. चौथ्या वळणावर गाडी जरा बाहेर गेली, पण सावरली.
"दे, सेटिंग पाहतो," वि. म्हणाले. रिमोट दिला. द्यायला नको होता, पण मागितल्यावर...
"शब्दकोश, बॅशिंग म्हंजे काय? सांग सगळ्यायले."
सांगितलं. मजेसाठी गाडी मोडेपर्यंत चालवणं.
"शाब्बास!" आणि माझी गाडी पूर्ण वेगात कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या भिंतीवर. माझ्याकडे बघत. पुन्हा. तिसऱ्यांदा चासी मधून फाटली. डॉक्टर म्हणाले, "अरे, पुरे रे," आणि तेही हसत होते.
तुकडे रफीकभाईंनी वेचले. क्लचबेल रुमालाने पुसून माझ्या खिशात टाकली. "बेल शाबूत आहे बेटा. बाकी पुन्हा बनते."
रिमोट मला परत मिळाला. त्याला काहीही झालेलं नाही.

७ डिसें., गुरु.
वि.च्या बग्गीत स्टिअरिंगचा नवीन बुश बसवला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, रफीकभाईंनी कातलेली. तपासला. खेळ शून्य.

१० डिसें., रवि.
क्रमाने लिहितो.
रफीकभाईंना म्हटलं, पोट दुखतंय, तिसऱ्या वळणावर माझ्या जागी तुम्ही उभे राहा. मी ओसरीत फळीजवळ बसलो. फळीवर पिवळा चिमटा नव्हता, तो वि.च्या एरिअलला होता. माझा रिमोट पिशवीत, हात पिशवीत. बग्गी सरळ पट्ट्यावर आली. पट्ट्याच्या शेवटी प्रेसची भिंत आहे. त्याच भिंतीवर जावी, एवढंच. बटण दाबलं. दोन आकडे मोजले. बंद केलं.
गाडी वळली. भिंतीकडे नाही वळली.
रफीकभाई डॉक्टरांची उलटलेली गाडी सरळ करायला वाकले होते.
ओली फांदी मोडल्यासारखा आवाज...
डॉक्टर धावले. "घोटा गेला, हलवू नका." वि.नी आधी बग्गी उचलली. "रफीक, तुझाच बुश गेला, पाह्य! तुझ्याच हातचा माल!"
आणि रफीकभाई, खाली पडलेले, "माफ करा भय्या. गाडीले जास्त लागलं तर नाई ना?"

११ डिसें., सोम.
सरकारी दवाखाना. सळई घालणार. पाय पहिल्यासारखा होईलच असं नाही म्हणाले. लेथवर उभं राहायला लागतं, हे त्यांच्या बायकोने, भाभींनी, तीनदा सांगितलं, जणू सांगितल्याने सळई नीट बसेल.
रफीकभाईंनी माझा हात धरला. "ती जागा तुझी होती. तू असता तं? अल्लानं वाचवलं तुले." मी मान हलवली.

१४ डिसें., गुरु.
वि.नी फळीवर लावायला कागद लिहून घेतला. 'रफीक लेथवाला यांनी बनवलेला बुश तुटल्यामुळे अपघात झाला. जिनिंगची जबाबदारी नाही.' अक्षर माझं. एकही चूक नाही.
वि. त्याचा फोटो काढून गॅरेजवाल्यांना दाखवत फिरताहेत. भाभी म्हणाल्या, दोघे येऊन लेथवर कातायला दिलेला आपापला माल उचलून घेऊन गेले. एक जण बोलला, "बुश तुटतो तं आमचा धुरा बी तुटन."

१९ डिसें., मंगळ.
रफीकभाई घरी आलेत. लेथच्या बाजूलाच खाट टाकली आहे. पाय उशीवर. मला म्हणाले होते, तो बुश आण. बग्गी दुरुस्तीला माझ्याकडेच आहे, काढून नेला.
भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग कॅलिपर मागितला. या वेळी स्वतः मोजलं.
"हे तुटलंच नाई. घासलं बी नाई. काहून तुटलं म्हणते तो?"
मी म्हटलं, वि.ना काय कळतं.
"मंग गाडी फिरली कशानं? इंजिन बी फुल होतं. म्या ऐकलं ना." डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले. "दिन्या, तुझ्या वहीत होतं असं कायतरी. लाल गाडी भिंतीवर गेली, तवाचं. तू दोनदा वाचलं होतं. माझ्या डोक्यातून गेलं सारं. रविवारी वही घेऊन ये. ते पान वाच मले. दोष माझ्या बुशचा नाई, हे गॅरेजवाल्यायले सांगता आलं पाह्यजे. नाई तं या मशीनवर चादरच राहीन."
भाभींनी चहा दिला. बशी खाली ठेवून बुश पिशवीत टाकला.

२२ डिसें., शुक्र.
ते पान फाडलं नाही. फाडलं तर मधला धागा सैल होतो आणि समोरचं पानही सुटतं.
समोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
ग्लिच — गाडीतली बॅटरी उतरली की रिसिव्हर भरकटतो. चाकं कुठेही वळतात.
हेही खरं आहे. असंही होतं. बॅटऱ्या मीच चार्ज करतो, म्हणजे थोडा दोष माझ्यावर येईल. थोडा घेता येईल. बुश सुटेल, रफीकभाईंचं नाव सुटेल, गॅरेजवाल्यांचा माल परत येईल. ते मला शिव्या देतील, मग माफ करतील. करतीलच.
दोन्ही पानांतलं अक्षर सारखंच आलं आहे. शाईसुद्धा.

२४ डिसें., रवि.
जिनिंगवर गेलो नाही. चिमटे कोणी वाटले, माहीत नाही.
रफीकभाईंच्या खाटेजवळ बसून लिहितोय. ते आत हातपाय धुताहेत, भाभींनी धरलं आहे. पिशवीत वही आणि बुश. रिमोटही आणला आहे. सकाळी निघताना हाताला लागला, टाकला पिशवीत. क्रिस्टल आतच आहे.
एका गॅरेजवाल्याला त्यांनी बोलावून घेतलं आहे, तो दारात स्टुलावर बसला आहे. मला विचारलं, "तूच का तो कागद लिहिणारा? अक्षर भारी आहे."
लेथवर फुलांची चादर. खालून फक्त हँडलचं टोक दिसतं.
आले. एका पायावर, भाभींच्या खांद्यावर भार. खाटेवर बसायलाच एवढा वेळ लागला. मशीन बंदच आहे, तरी सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला आणि परत आला.
"हां," म्हणताहेत. "वाच बेटा. जसं लिहिलंय तसंच वाच."