कोपरे नसलेलं घर

प्रिय चिमणे,

सकाळपासून हे पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. मध्येच गॅस बंद आहे का बघून आले, मग वाळत घातलेले कपडे उगाच पुन्हा झटकले. हात स्वस्थ बसत नाहीत.

समुद्रावरच्या घराचं काम छपरापर्यंत आलंय. जन्मभर लोकांना काच-सिमेंटचे सरळसोट ठोकळे बांधून दिले तुझ्या बाबांनी, आणि स्वतःसाठी मात्र कोळ्यांच्या घरांसारख्या जाड दगडी भिंती, उतरती कौलं, पुढे पडवी! शिवाय सगळं वळणावळणाचं. वाटेत खडक आला, तर भिंतच त्याला वळसा घालून गेली. खडक आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यावर मी डबे ठेवणार. नकाशा बघून तू फोनवर म्हणालीस, "बाबा, ही गोगलगाय आहे का?" ते हसले नाहीत. मला तेव्हाच खटकलं.

आत एकही दार नाही. पलंगापाशी एक भिंत सुरू होते, ती न्हाणीघर, स्वयंपाकघर करत थेट पडवीत निघते. न्हाणीघरापाशी तिला खडबडीत दगड, स्वयंपाकघरात गुळगुळीत चुना, पडवीपाशी लाकूड. गवंडी म्हणाला, "साहेब, एकसारखा गिलावा करून टाकू?" तर त्याच्या अंगावर धावून गेले. दारांवरून मीही भांडले, पाहुण्यांसमोर लाज नाही का वाटणार? नुसते गप्प बसले. भांडणात गप्प बसणारा माणूस आहे का तो?

गेल्या आठवड्यात ऑफिसातून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. मी शोधत गेले, तर आपल्या मागच्याच गल्लीत सापडले. वाण्याने स्टुलावर बसवून ठेवलं होतं. मला म्हणाले, "इथले रस्ते बदललेत गं." रस्ते होते तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवशी बांधकामावर मी डोळे मिटले आणि भिंतीला तळवा लावून चालत सुटले. कुठेही अडखळले नाही. पडवीत डोळे उघडले, तर समोर तेच उभे. "कळलं ना?" एवढंच म्हणाले. वर्षभर एकटेच डॉक्टरांकडे जात होते, मला पत्ता नाही.

तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातलीय, ती मी मोडतेय. घर पूर्ण झालं की पोरीला बोलवू, म्हणतात. तू थांबू नकोस. काल जेवताना तुझ्याबद्दल काही सांगत होते, बोलता बोलता अडले, आणि हळूच मला तुझं नाव विचारलं. लगेच निघ.

तुझीच,
आई