गरिबीची रंगीत तालीम

ग्वाल्हेर, २ जून १९३८, सकाळी पावणेदहा
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यापुरती. ट्रंकेत, कुलपात. धाकट्या बहिणीच्या, विजीच्या, हाती लागू द्यायची नाही. तिला वाचायची वाईट सवय आहे.
निर्धार: एक, रोज पाचला उठणे (उद्यापासून, आज फार उकडत होतं). दोन, यंदा इंटर पास. दोनदा फेल झालो तो दोष परीक्षकांचा, त्यांना माझं अक्षर लागत नाही. तीन, घरात आई-आबा म्हणायचं नाही, आईसाहेब-आबासाहेब म्हणायचं. आजोबा कान्होजीराव दरबारच्या रिसाल्यात होते. खानदान खानदानासारखं बोललं पाहिजे.
आईसाहेबांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी दूध घे, निवतंय.

४ जून
पाचला उठलो. पाणी पिऊन परत झोपलो. उठणं झालं हे महत्त्वाचं.
संध्याकाळी बाड्यावर, बाजारात, माझा दोस्त दौलतसिंह याच्याबरोबर पान खाल्लं. त्याने बातमी दिली. गरजू विद्यार्थ्यांसाठी नवा निधी निघाला आहे. बी.ए. होईपर्यंत फी आणि पुस्तकं. एका घरातून एकच. ते लोक घरी येऊन इन्स्पेक्शन करतात, गरज खरी आहे का बघतात.
अडचण एकच. आम्ही गरजू नाही. जयेंद्रगंजात आमच्या दोन खोल्या आहेत. आबासाहेब स्टेशनाजवळच्या पडावावर एका शेठच्या गोदामाची देखरेख पाहतात, तीही रात्रीची. दिवसाची देखरेख काय, कोणीही करेल. आमच्याकडे रोज पोळी होते, तुपाची. म्हणजे माझ्यापुरती. बाकी तिघं भाकरी खातात, गहू त्यांना पचत नाही असं आईसाहेब सांगतात.
पण यंदाची फी जमणार नाही, असं आबासाहेब परवा म्हणाले. माझी जिद्द बघत असावेत.

५ जून
विजीने आबासाहेबांना विचारलं, निधीसाठी मी अर्ज करू का. मॅट्रिकला पहिला वर्ग आल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. मी शांतपणे समजावलं. घरातून एकच, आणि थोरला मी. शिवाय तिच्यासाठी शिवपुरीहून स्थळ आलंय. माणूस बिजवर आहे, पण सरकारी खात्यात आहे, दोन मुलं आहेत. आयता संसार. बी.ए. होऊन ती करणार काय?
आबासाहेबांनी शिवपुरीकरांना जुलैअखेर कळवतो असं सांगितलंय. विजीच्या कॉलेजची काही सोय झाली तर नकार, नाही तर होकार. सोय कशी होणार? अर्ज तर मी करतोय.
विजी चूल पेटवायला बसली. डोळ्यांत धूर गेला तिच्या. ओली लाकडं घेऊ नकोस म्हणून बजावलं. जूनमध्ये ग्वाल्हेरीत लाकडं ओली कुठून आली, कोण जाणे.

९ जून
अर्ज लिहून झाला. अक्षर विजीचं, प्रतिभा माझी. ‘गरजेचं कारण’ या जागी आलो तेव्हा ती म्हणाली, "सच लिहू की बनवून लिहू?" मी म्हटलं, बनवून, आणि हात आखडू नकोस. मग मी पान लावायला उठलो.
परत येतो तो पानभर मजकूर तयार. वडील साठीचे, डोळ्यांनी कमी दिसतं, तरी रात्रपाळी करतात. आईला संध्याकाळी ताप येतो. घरातली भांडी मोडून फी भरली. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. मुलीला थापा मारण्याचं अंग आहे. तसं कौतुकही केलं.

१७ जून
इन्स्पेक्शन ठरलं. रविवार, २६ तारीख, दुपारी चार. येणारे रघुनाथराव, रिटायर्ड हेडमास्तर. हेडमास्तरांना गुंडाळणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. आजवर तिघांना गुंडाळलंय, म्हणून तर तीन शाळा झाल्या.
निर्धार: घरात आठवडाभर गरिबीची तालीम घ्यायची.
अभ्यास सोमवारपासून.

२० जून
सोमवार. लू चालली आहे, गरम वाऱ्याने अंग भाजतं, अभ्यास अशक्य.
तालीम सुरू. पहिलं काम, किमती सामान हलवणं. आईसाहेबांना म्हटलं, तांब्याचा मोठा हंडा दौलतसिंहाकडे ठेवतो, काढा. त्या म्हणाल्या, तो बाड्यावर गेलाय. आजोबांची तलवार? तीही बाड्यावर. भारी लुगडी लपवा म्हटलं. म्हणाल्या, लपवली. मी ट्रंका उघडून पाहिल्या, फळ्यांमागे हात घातला, एक सापडलं नाही. माझ्या मनात येण्याआधी या बाईने सगळं हलवलं! बुद्धी मला कोणाकडून आली ते आज कळलं.
दौलतसिंहाला सांगितलं. तो म्हणाला, "यार महिपत, ग़रीबी का नाटक करने के लिए घर में कुछ छुपाने लायक़ तो होना चाहिए." मी म्हटलं, होतं, आता लपलंय. त्याने पानाचे पैसे दिले. असा मित्र हवा.

२४ जून
रंगीत तालीम. आबासाहेबांना म्हटलं, ठिगळाचा कोट घाला. ते रोजचाच घालून आले. ठिगळं अजून दिसायला हवीत, असं सुचवलं. म्हणाले, आहेत तेवढी दिसतायत. त्यांना नटाची दृष्टी नाही.
आईसाहेबांना अधूनमधून खोकायला सांगणार होतो. मी सांगायच्या आतच त्यांनी खोकला काढला. इतका हुबेहूब, की शेजारच्या बाई काढा घेऊन आल्या. रात्री उशिरापर्यंत सराव चालू होता. मला झोप नाही.
विजीला काम दिलेलं नाही. तिने आत राहायचं.
माझी भूमिका: गरीब पण तेजस्वी. त्यामुळे बूट पॉलिश करून घातलेलेच बरे. केसांना सुगंधी तेल. तेज कुठूनतरी दिसायला हवं.

२६ जून, संध्याकाळी सात
घात. रघुनाथराव चारला यायचे ते बारा वाजताच आले. हेडमास्तर जात. आम्ही नुकतेच पाटावर बसलो होतो. चार ताटं. तीन ताटांत भाकरी आणि मिरची. माझ्यात दोन पोळ्या, तूप, वरण, दह्याची वाटी.
ते दारातच थांबले. माझ्या ताटाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कोणाचं?"
माझं डोकं विजेसारखं चाललं. म्हटलं, नैवेद्याचं आहे. आमच्या घरात स्वतः उपाशी राहतील, पण देवाला तूप चुकवत नाहीत. हे वाक्य आयत्या वेळी सुचलं, याची इथे नोंद करतो.
रघुनाथरावांनी चपला काढल्या आणि ताटाला चक्क हात जोडले. मग बसलेच. म्हणाले, दाखवा नैवेद्य, मी थांबतो. आईसाहेबांनी देवापुढे ताट ठेवलं, पाणी फिरवलं. मग पदर तोंडाला लावला, बहुतेक हसू दाबत असाव्यात. झाल्यावर रघुनाथराव म्हणाले, प्रसाद आधी लेकीला द्यावा.
विजीला बाहेर बोलावलं. तिच्यापुढे माझं ताट. ती पोळीकडे बघत बसली. ते म्हणाले, "खा बेटी, बिलकुल संकोच करू नको." मग तिने खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. घराण्याची इभ्रत घालवली. गहू पचत नाही म्हणे! दोन्ही पोळ्या पचल्या.
ती खात असताना त्यांनी तिला इतिहास विचारला, इंग्रजी विचारलं, एक गणितही घातलं. ती तोंडातला घास गिळून उत्तर द्यायची. हात धुतल्यावर तिच्याकडून चार ओळी लिहूनही घेतल्या, कशाला ते कळलं नाही. मला फक्त एकच प्रश्न, बूट कुठून घेतले? बाड्यावरून, म्हटलं. आबासाहेबांनी मान खाली घातली होती. अभिनय मात्र अप्रतिम.
मला तिची भाकरी खावी लागली. घशाखाली उतरत नाही. हे लोक रोज कसं खातात?
एकंदरीत इन्स्पेक्शन उत्तम. निवड पक्की.

२८ जून
आईसाहेब अजून खोकतायत. नाटक संपलं म्हणून दोनदा सांगितलं. कलावंताला भूमिकेतून बाहेर पडणं जड जातं, असं ऐकून होतो.

३ जुलै
बी.ए. झाल्यावर कोणती नोकरी घ्यावी यावर विचार केला. सुभ्याची, म्हणजे जिल्ह्याच्या साहेबाची, जागा बरी, पण फिरती फार. अभ्यास कॉलेज उघडल्यावर.
विजीला सांगितलं, शिवपुरीला गेल्यावर सुट्टीत मी येत जाईन, तुला वाईट वाटणार नाही. तिने माझा सदरा इतका जोरात आपटला की गुंडी तुटली.

१० जुलै, रविवार
रघुनाथराव आले. मी बूट घालून पुढे झालो, हार येईल म्हणून मान थोडी वाकवलीही होती. ते मला वळसा घालून आबासाहेबांपाशी गेले. निधी विजीला मिळाला. अर्ज तिच्या अक्षरात आहे, मजकूर खरा आहे, बाकी त्यांना काही नको होतं.
मी विचारलं, अर्ज माझा होता, माझं काय?
त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "निधी गरजूसाठी आहे, महिपतराव. देवासाठी नाही."
आबासाहेब रडले. रघुनाथराव गेल्यावरही रडत होते, म्हणजे अभिनय नसावा. शिवपुरीला नकार कळवायला त्यांनी विजीलाच बसवलं.
निर्धार: या घरात पाणी पिणार नाही.

१० जुलै, अर्ध्या तासाने
पाणी प्यालो. उकाडा.

१२ जुलै
माझा हिस्सा घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं. आईसाहेबांना म्हटलं, लपवलेलं सामान परत आणा, वाटणी करू. त्या म्हणाल्या, काय आणू? हंडा, तलवार, लुगडी, म्हटलं. त्या भांडी घासत राहिल्या.
स्वतःच बाड्यावर गेलो. सराफ आबासाहेबांना ओळखतो. म्हणाला, हंडा तुम्ही कॉलेजात गेलात त्या वर्षी मोडला. तलवार पहिल्यांदा फेल झालात तेव्हा. लुगड्यांचा जर दुसऱ्यांदा. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. तो म्हणाला, चूक कशी होईल, दर वेळी तुमच्या आईसाहेब मला पेढे देऊन गेल्या, पोरगा पुढच्या वर्षी नक्की पास होणार म्हणून.
रस्त्यात दौलतसिंह भेटला. पान नको म्हटलं.

१९ जुलै
आबांना पायरी दिसली नाही, पडले. डोळ्यांचं खरं होतं तर. त्यांची रात्रपाळी सुटली.
शेठकडे मी गेलो. म्हटलं, रिसालदाराच्या घराण्यातला आहे, रात्रीची देखरेख मी सांभाळतो. शेठने बूट पाहिले, केस पाहिले. म्हणाला, रात का काम भरोसे के आदमी का है. तुम्ही दिवसा या.

१ ऑगस्ट, संध्याकाळी
गोदामाचा पहिला आठवडा झाला. दिवसभर स्टुलावर. सकाळी विजी पुस्तकं छातीशी धरून पडावावरून कॉलेजला जाते. आज तिने हात केला. मी पोत्यांमागे झालो.
आज घरी आलो तेव्हा सगळे जेवायला बसत होते. चार ताटं, चारांत भाकरी. मी म्हटलं, आता कशाला नाटक, इन्स्पेक्शन होऊन महिना झाला. आई खोकत होती. मग कळलं, तूप शेजारून उसनं यायचं, माझ्या ताटापुरतं, आणि शेजारच्या बाईंनी आता नाही म्हटलंय.
दिवसभर बसूनही भूक लागते, हे मला माहीत नव्हतं. अर्धी भाकरी खाऊन झाली, दुसरी मागितली. आईने तिच्या ताटातली उचलली. विजीने तिचा हात धरला.
"दादा, रोज इतकीच असते."
कधीपासून, म्हणून विचारलं. विजी पाणी आणायला उठली, आबा जेवत राहिले.
उद्या सातला गोदाम.