आंधळी खिडकी

प्रिय धम्मा,

सप्रेम जय भीम. तू फोनवर विचारलेला प्रश्न अजून तसाच पडून आहे. त्याकडे येतो, पण जरा वळसा घेऊन. सवयच आहे माझी.

मुदखेडला थंडी पडली आहे. विटांच्या ढिगाशेजारी उन्हात खुर्ची टाकून लिहितो आहे, आणि मन मात्र तू दुरुस्त करतेस त्या इंग्लंडातल्या मोठ्या घरापाशी. गेल्या वर्षी तू मला तिथं नेलंस. झाडांतून रस्ता वळला आणि हिरवळीवर ते मधाच्या रंगाच्या दगडाचं घर एकदम समोर आलं. मी वर्गात शिकवायचो त्या कवितांमधला राजवाडाच. तू हसून म्हणालीस, बाबा, आधी नीट बघा, मग कविता. मधला भाग तीनशे वर्षांपूर्वीचा, दोन्ही बाजू मूळ मालकाच्या नातवानं वाढवलेल्या. खिडक्या वर जावं तशा लहान होत गेलेल्या, कारण सगळ्यात वर, छपराखाली, मोलकरणी निजायच्या. तू दाखवलंस तेव्हा दिसलं.

भिंतीआडचा तो अरुंद जिना मात्र मला विसरवत नाही. कोळसा, गरम पाणी घेऊन नोकरांनी त्यानंच चढायचं. मालकांच्या नजरेस पडायचं नाही. तिथं मला माझी आई आठवली. रेणापूरला मालकाच्या शेतात दिवसभर राबायची, आणि पाणी दाराबाहेर उभं राहून ओंजळीत घ्यायची. तिची नात त्या मोठ्या घराच्या किल्ल्या हातात घेऊन, कुठली पायरी बदलायची ते गोऱ्या सुतारांना सांगत होती. मी चष्मा पुसत राहिलो. तुला वाटलं धूळ गेली.

आणि ती आंधळी खिडकी. बाहेरून चौकट, पट्टी, सगळं. आत नुसती भिंत. सरकार खिडक्यांवर कर घ्यायचं म्हणून कुणा मालकानं बुजवलेली. कर गेला, तरी ती कुणी उघडली नाही.

आपल्या घराचा वरचा मजला उभा राहिला. नकाशा तुझाच, पूर्वेची खोलीही तुझी. परवा व्यंकटी मिस्त्री म्हणाला, गुरुजी, ताई तर तिकडंच राहून राहिल्या, त्या खोलीची खिडकी बुजवू का, कपाट लई झकास बसंल. मला ती आंधळी खिडकी आठवली. म्हणालो, बुजव, पण बाहेरून आकार तेवढा ठेव. कल्पना मला फार काव्यमय वाटली. तुझी आई खाली भिंतीवर पाणी मारत होती. पाइप टाकून वर आली.

"लेकीची वाट बघायची तर उघड्या खिडकीतून बघा. बघायची नसंल तर तिला तसं सांगा. भिंतीवर खिडकी काढून कोणाला फसवून राहिलात?"

व्यंकटी विटा घेऊन गुमान खाली उतरला.

तर धम्मा, तिथं कायमची नोकरी देतात, घेऊ का, असं तू विचारलंस आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. माझ्यासाठी तू थांबली आहेस हे मला कळत होतं. बरंही वाटत होतं. आता ऐक. नोकरी घे. खोली तुझीच आहे, पण तुझ्यावाचून ती ओस पडायची नाही. माझी खुर्ची आणि कवितांची पुस्तकं तिथंच जाणार आहेत. खिडकी उघडी आहे. तिच्यातून स्टेशन दिसतं. गाडी आली की मी मान वर करीन, तेवढं मात्र चालवून घे.

तुझाच,
बाबा